टाकीचा पाचवा भाग

सोमवार, ९ ऑगस्ट १९८२

गाडी तयार आहे. मी नाही.

यिलेस सकाळपासून आवारात होता. माझ्या बहिणीचा मुलगा. हात तेलकट, जीभ तिखट. आमची जुनी गाडी वसंतात त्यानेच गॅसवर चालणारी केली — डिकीत आडवी टाकी, पुढे इंजिनाशेजारी एक चपटी डबी, तिच्यात द्रव गॅसचा वायू होतो. आज त्याने मागे कॅरव्हॅन जोडली, दिवे तपासले, लांब दांड्यांचे आरसे बसवले. आठशे किलो! मी अडतीस वर्षे ग्रीक आणि लॅटिन शिकवले. जड वाक्ये ओढली, घर कधी ओढले नाही.

मग सूचना. मी विद्यार्थ्यासारखा उभा.

"मामा, गॅसची टाकी कधी काठोकाठ भरायची नाही. पाचातला एक भाग रिकामा ठेवायचा. उन्हात गॅस फुगतो, त्याला जागा लागते."

मला हे फार आवडले. शेताचे कोपरे कापू नका, ते परक्यासाठी राहू द्या, अशी मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा आहे. टाकीलाही तोच नियम! मी तसे म्हणालो. तो हसला नाही.

"आणि रोज सकाळी दोन किलोमीटर पेट्रोलवर चालवायची. नाहीतर पेट्रोलची वाट सुकते, चिकटते. ऐन वेळी दगा देईल."

"पेट्रोल महाग आहे."

"दोन किलोमीटर, मामा! तुम्ही झीलंडची माणसं समुद्रात बुडतानासुद्धा पाणी जपून प्याल."

जणू तो आमच्या या डच किनाऱ्यावरच्या झीलंडचा नाही!

आम्हा दोघांत एक गोष्ट आहे, ती इथे लिहिणे भाग आहे. गेल्या सप्टेंबरात एका रविवारी त्याने कुणा अनोळखी प्रवाशासाठी गॅरेज उघडले. शब्बाथभंग. चर्चच्या वडीलमंडळात ठराव मी मांडला. सख्ख्या मामाने मांडला, म्हणून कुणी विरोध केला नाही. अकरा महिने त्याला प्रभुभोजनाला बसता आलेले नाही. त्या सभेत तो एवढेच म्हणाला होता — खड्ड्यात पडलेला बैल शब्बाथाला बाहेर काढायला प्रभूने परवानगी दिली आहे. मी मूळ ग्रीक शब्द सांगून उत्तर दिले की तिथे जिवंत जनावराची गोष्ट आहे, सहलीला निघालेल्या मोटारीची नव्हे. सभा हसली. आज त्याच हातांनी त्याने माझी मोटार नीट करून दिली, आणि पैसे घेतले नाहीत.

माझ्या बायकोचा, याकोबाचा, डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला. उजव्याबद्दल डॉक्टर मार्चमध्ये म्हणाले, "शरदापर्यंत टिकेल, कदाचित." मे महिन्यात पुन्हा दाखवायचे होते, मला चर्चमंडळ्यांच्या बैठकीला जाणे भाग होते, म्हणून यिलेस तिला घेऊन गेला. "होतं तसंच आहे," ती घरी येऊन म्हणाली. आणि मग, कांदा चिरता चिरता: "मला एकदा डोंगर बघायचा आहे." सत्तर वर्षांत तिने एकही पाहिलेला नाही. मीही नाही. समुद्रबांधापेक्षा उंच असे आमच्याकडे काही नाही.

म्हणून आल्प्सला जातो आहोत. शनिवारी खिंडीपलीकडच्या सरोवराशी पोहोचायचे, रविवारी विसावा, डोंगर खिडकीसमोर. एवढेच माझ्या हातात आहे. तेही आहे का, ते परमेश्वर जाणे.

मंगळवार, १० ऑगस्ट

निघण्यापूर्वी प्रवाशांचे ते स्तोत्र म्हटले — डोळे डोंगरांकडे लावणारे. कितीतरी वर्षे आम्ही ते दर प्रवासाला म्हणत आलो. आजवर त्यातला डोंगर म्हणजे निव्वळ शब्द होता.

सरहद्दीपलीकडे एक मालट्रक जोरात बाजूने गेला आणि कॅरव्हॅन शेपूट हलवू लागली. डावीकडे, उजवीकडे, मग गाडीलाच हलवू लागली! ब्रेक मारायचा नाही, पाय अलगद उचलायचा — हे यिलेसने दहादा सांगितले होते, म्हणून वाचलो.

"हॅनिबालने आल्प्स ओलांडताना हत्ती नेले," मी नंतर म्हणालो, धीर यावा म्हणून.

"हत्तींना गॅस लागत नव्हता," याकोबा म्हणाली.

सकाळी पेट्रोलवर चालवायचे राहिले. उद्या.

बुधवार, ११ ऑगस्ट

जर्मनीत गॅसचे पंप वाळवंटातल्या विहिरींसारखे आहेत. एक आहे असे कळते, जावे तर कुलूप. आज तसेच झाले. काटा तांबड्यात, मागे आठशे किलो, पुढे चढ.

यिलेसने पंपांची यादी लिहून दिली आहे. ती याकोबाच्या एप्रनच्या खिशात असते. मी म्हणालो, "यादी काढ, पुढचा कुठे?" तिने कागद बाहेर काढलाच नाही. घडाघडा म्हणून दाखवली: "अकरा किलोमीटरवर उजवीकडे, रोपवाटिकेच्या मागे, दुपारी एक ते दोन बंद." पाठ! पोरांना कालरूपे पाठ करायला लावण्यात माझे आयुष्य गेले, आणि अशी स्मरणशक्ती माझ्याच घरात होती.

पंपवाल्याची नळी आमच्या टाकीच्या तोंडाला बसेना. इथली तोंडे वेगळी. त्यासाठीचा पितळी जोडतुकडा याकोबाने त्याच खिशातून काढला आणि बोटांनी आटे चाचपत स्वतः फिरवून बसवला. पंपवाला म्हणाला, "बाईंना ठेवून घेतो मी, साहेब, तुम्ही पुढे जा."

"मग याला रस्ता कोण सांगणार?" ती म्हणाली.

पेट्रोल — नाही. टाकीत गॅस असताना पेट्रोल जाळणे मनाला पटत नाही.

गुरुवार, १२ ऑगस्ट

दिवसभर पाऊस. ऐंशी किलोमीटर. बोलणे थोडे. इंजिन चढाला कण्हते. गॅसवर त्याचा जोर कमी पडतो हे आता पायालाच कळते.

शुक्रवार, १३ ऑगस्ट

डोंगरांच्या पायथ्याशी आलो — असे नकाशा म्हणतो. डोळ्यांना धुके. जाड, ओले, लोकरीसारखे. दहा हातांपलीकडचा वीजखांब दिसत नव्हता.

मी गाडी थांबवली. याकोबाने काच खाली केली, तोंड बाहेर काढून बराच वेळ बसली आणि म्हणाली, "किती सुंदर!"

मला हसू आले. अशा वेळीही तिला थट्टा सुचते! मी म्हणालो, "हो, फारच. अगदी मोशेच्या सिनाय डोंगरासारखे, सगळे ढगात." तिने तोंड आत घेतले. मग तीही हसली.

माझ्या मनात मात्र हिशेब चालू होता. शरदाला सहा आठवडे. रेडिओवर म्हणतात, रविवारी कदाचित उघडेल. उद्या खिंड चढून सरोवराशी पोहोचलोच पाहिजे. रविवारी मी गाडी चालवणार नाही. रविवारी डोंगर आमच्याकडे यायला हवा, आम्ही त्याच्याकडे नव्हे.

दुपारी ती म्हणाली, "मास्तर, इंजिनाचा आवाज बदलला."

मी ऐकले. मला काहीच कळले नाही. "चढामुळे," मी म्हणालो.

"चढामुळे नाही. कुठंतरी पाणी कमी पडल्यासारखा. कोरडा."

तिचे कान हल्ली फार तल्लख झाले आहेत.

शनिवार, १४ ऑगस्ट

लिहितो आहे म्हणजे जिवंत आहोत. त्याची दया!

खिंडीचा रस्ता नागमोडी. पहिला गिअर, धुके, मागून येऊन भोंगा वाजवत पुढे निघून जाणाऱ्या गाड्या. शेवटून तिसऱ्या वळणावर इंजिन खोकले. पुन्हा खोकले. आणि ऐन वळणात, चढाच्या सर्वांत उभ्या जागी, बंद पडले.

मी पेट्रोलचे बटण दाबले. किल्ली फिरवली. फिरवली. फिरवतच राहिलो. काही नाही. पेट्रोलची वाट सुकली होती — पाच दिवस, दिवसाला दोन किलोमीटर, एवढेच त्याने मागितले होते! दहा किलोमीटरचे पेट्रोल मी वाचवले आणि त्या बचतीवर, बायकोसह, दरीच्या तोंडाशी उभा राहिलो.

इंजिन नसले की ब्रेकचा पाय दगडासारखा होतो. मी दोन्ही पायांनी दाबून धरला, हातब्रेक ओढला. तरी गाडी मागे सरकू लागली. बोटभर. मग चार बोटे. कॅरव्हॅनचा स्वतःचा ब्रेक ती गाडीला मागून पुढे ढकलू लागली तरच लागतो. मागे घसरताना तो झोपलेला असतो. तो हाताने ओढावा लागतो, बाहेरून. मला पाय काढता येत नव्हता.

"याकोबा! उतर! आकड्याशेजारी एक दांडा आहे, तो वर ओढ! लवकर!"

ती उतरली. तिच्या बाजूला कठडा होता, कठड्यापलीकडे धुके, धुक्याखाली काय ते देवाला ठाऊक. मी ओरडत होतो आणि ती सावकाश चालत होती — गाडीच्या अंगावर तळहात ठेवून, पावलापुढे पाऊल. "घाई कर!" मी म्हणालो. तिला! मग कुठेतरी लोखंड करकरले. गाडी थांबली. नंतर ती खाली वाकलेली आरशात दिसली. कडेचे दगड चाचपून चाकांमागे ठेवत होती.

मी बाहेर आलो. बॉनेट उघडले. इंजिन वाफ सोडत होते, आणि त्याला चिकटून असलेल्या त्या चपट्या डबीवर बर्फ! ऑगस्टात, उकळत्या इंजिनाशेजारी, पांढरे दव गोठलेले. ती डबी इंजिनाच्या गरम पाण्यावर ऊब घेते. नळीची पट्टी सैल होऊन पाणी गळून गेले होते, ऊब मिळेना, म्हणून गॅस गोठला. याकोबाने काल सांगितले होते — पाणी कमी. कोरडा आवाज. मी ऐकले नाही.

तिने कॅरव्हॅनमधून कॉफीसाठी ठेवलेली गरम पाण्याची किटली आणली. डबीवर ओतली. बर्फ वितळला, इंजिन मिनिटभर चालले, पुन्हा गोठले.

मग खालून एक ट्रॅक्टर आला. विन्त्सेन्त्स नावाचा शेतकरी. मिशा भरघोस, टोपीत पीस. त्याने एकदा आमच्याकडे पाहिले, एकदा दगडांकडे.

"हे दगड कुणी लावले?"

"मी," याकोबा म्हणाली.

"बरोब्बर लावलेत. हे साहेब कोण?"

"शिक्षक आहेत."

"वाटलंच," तो म्हणाला, आणि साखळी काढू लागला.

त्याने आम्हाला, घरासकट, शंभर हातांवरच्या आपल्या अंगणात ओढून नेले. नळीची पट्टी घट्ट केली, पाणी भरले, पेट्रोलचा कार्ब्युरेटर उघडून धुतला. मला तो 'प्रोफेसरसाहेब' म्हणतो. इथे ज्याच्या नाकावर चष्मा तो प्रोफेसर. सगळे होईस्तोवर सहा वाजले. खिंडीचा माथा इथून दोन वळणांवर. सरोवर त्याच्या खाली, आणखी तासभर.

मी तेवढ्यातही निघालो असतो. पण धुके फार दाट झाले, आणि विन्त्सेन्त्सने वाटेत उभे राहून हात आडवे पसरले. "आज नाही. उद्या."

उद्या रविवार आहे.

रविवार, १५ ऑगस्ट. सकाळ

आकाश धुतल्यासारखे. एक ढग नाही!

आणि आमच्यापुढे देवदारांची काळी भिंत. अंगण डोंगराच्या कुशीत आहे, म्हणून डोंगर इथून दिसत नाही. दोन वळणे वर गेले की सगळी रांग समोर उभी राहते, असे विन्त्सेन्त्स म्हणतो. बारा मिनिटे.

या कॅथलिक लोकांचा आज मरीयेचा सण आहे. घरची बायकापोरे रानवनस्पतींच्या जुड्या घेऊन देवळात आशीर्वादाला गेली. आमच्या मताने ही अंधश्रद्धाच, पण एक जुडी त्याने याकोबाला दिली आणि ती डोळे मिटून एकेक पान हुंगत बसली: "पुदिना. कॅमोमाइल. हे काहीतरी कडू, दवण्यासारखं."

मग तो माझ्याकडे वळला. "प्रोफेसरसाहेब, असा दिवस आमच्याकडे वर्षातून चारदा. आज संध्याकाळी पाऊस लागेल आणि आठवडाभर हलणार नाही. माझा गुडघा सांगतो. चला, जीपमधून नेतो. बाई बघतील, परत येऊ."

"आज आम्ही प्रवास करत नाही. आणि आमच्यासाठी दुसऱ्याला कामाला लावणेही वर्ज्य आहे."

"बारा मिनिटं! तुमचा देव काय घड्याळ लावून बसलाय?"

"तुमचा नाही का?"

"आमचा आज आईच्या सणाला जेवायला बसलाय. त्याचं लक्ष नाही."

याकोबा हसली. मी हसलो नाही. कॅरव्हॅनचे दार लावून तिला छापील उपदेश वाचून दाखवला, दोन स्तोत्रे गायली. तिने हट्ट केला नाही. तिने हट्ट केला असता तर मला नाही म्हणता आले असते!

रविवार. साडेअकरा

सहा आठवडे. आठवडाभर पाऊस. दोन्ही आकडे खरे असतील तर आज सोडून दिवस नाही.

यिलेसने ज्याच्यासाठी गॅरेज उघडले तो माणूस कोण होता, हे मी कधी विचारलेच नव्हते. सभेत एक शब्द पुरला — प्रवासी. आता कळते की त्याच्यापाशीही काही बारा मिनिटे असतील. देवदारांवर ऊन चढते आहे.

ती खिडकीशी विणत बसली आहे. मघाशी मान वर न करता म्हणाली,

"मास्तर, तो बैल खड्ड्यात किती वेळ होता, लिहिलंय का कुठं?"

"नाही."

"नसेलच. ज्याचा बैल त्यालाच ठाऊक."

रविवार. संध्याकाळ

मी गाडी चालवली.

विन्त्सेन्त्सची जीप नको म्हटले. दोष घ्यायचा तर तो माझ्याच हाताने. कॅरव्हॅनचे पुढचे छोटे चाक खाली सोडले, आकडा उचलला, तारा काढल्या. शब्बाथाला केलेले एकेक काम, मोजून. मग गॅसवर किल्ली फिरवली आणि निघालो. मागे काही नसलेली गाडी किती हलकी असते! तेवढ्यापुरते मला तरुण असल्यासारखे वाटले, आणि त्याचीही भीती वाटली.

पहिले वळण. काट्याकडे पाहतो: ऊब ठीक. दुसरे वळण. चढ तसाच, जसल्यावर काल आम्ही मागे घसरत होतो. "आवाज कसा?" मी विचारले. "छान आहे," ती म्हणाली. "ओला आहे." माथ्यावर डाव्या हाताला मोकळी जागा होती. गाडी उभी केली. हात धरून तिला कठड्याशी नेले.

इथे शब्द अपुरे पडतात, आणि माझा व्यवसायच शब्दांचा होता.

मला वाटले होते की डोंगर म्हणजे उंच असा बांध. नव्हे. तो आपल्याकडे पाठ करून उभा असतो. आपण आहोत की नाही याची त्याला वार्ता नसते. पारनासस, ऑलिंपस, होरेब — पोरांना नकाशावर काठीने दाखवत आलो, चार पिढ्या. काठी टेकवायची जागा केवढी असते हे मला माहीतच नव्हते!

"सांग," याकोबा म्हणाली.

"तू बघ ना. बघायलाच आलो आहोत."

"बघतेय. तू सांगितलंस की नीट लक्षात राहील. पुढं उपयोगी पडेल."

म्हणून सांगू लागलो. खाली देवदार, काळे. त्यांच्यावर गवताचा पट्टा, त्यावर गाई, तांदळाच्या दाण्याएवढ्या. मग राखी खडक, उभा, त्यात आडव्या रेघा, जणू कुणी पाने रचली आहेत. मग बर्फ.

"पांढरं?"

"सगळं नाही. सावलीत निळं."

"किती निळं?"

"आपल्या जुन्या कपांच्या काठावरची रेघ आहे ना, तेवढं."

"हां," ती म्हणाली. "कळलं."

तिचा चेहरा उन्हाकडे होता, शिखराच्या जरा डावीकडे. ऊन तिला सोसत नसावे. मी सांगत राहिलो. एकाहत्तर वर्षांचा, चर्चमधला वडील, रस्त्याच्या कडेला रडलो. तिने माझा हात दाबला.

"बघ," ती म्हणाली. "पोटभर बघून घे."

पाऊण तास उभे होतो. परतलो तेव्हा विन्त्सेन्त्स अंगणात होता. त्याने टोपी काढली आणि बाकावर आमच्यासाठी जागा केली. सणाचे गोल, गोड असे काही तळलेले आणून ठेवले. तेही खाल्ले.

मला पश्चात्ताप व्हायला हवा. पानापाशी खोटे बोलण्यात अर्थ नाही: होत नाही.

सोमवार, १६ ऑगस्ट

गुडघा खरा निघाला. पाऊस. सरोवराला न जाता घराकडे वळलो. तिला हवे ते मिळाले, ती म्हणते. आज पहिले दोन किलोमीटर पेट्रोलवर चालवले.

शुक्रवार, २० ऑगस्ट

घरी. सर्व काही सपाट.

शनिवार, २१ ऑगस्ट

वडीलमंडळापुढे गेलो आणि जे केले ते सांगितले. जो ठराव यिलेसला लावला तोच मला लावा, नाहीतर त्याच्यावरचा काढा.

"लेउनिस, घरात आजारपण आहे. तुझी गोष्ट वेगळी," अध्यक्ष म्हणाले.

"मला कॅरव्हॅन ओढून घरी आणता आली ती त्याच्या हाताच्या कामावर. वेगळी नाही."

"पण बैलाच्या ओळीवर तूच तर आम्हाला शिकवलंस —"

"शिकवले. शब्द बरोबर होता. बैल मी पाहिला नव्हता."

दोघांचा निकाल सप्टेंबरच्या बैठकीत. मी वडीलमंडळाच्या बाकावरून उठून मागच्या रांगेत बसलो. उद्याही तिथेच बसेन.

मंगळवार, २४ ऑगस्ट

यिलेसच्या गॅरेजला गेलो. माफी मागायला अडतीस वर्षांचे वक्तृत्व कामाला आले नाही. "चुकलो" एवढेच म्हणता आले. तो रेंच पुसत राहिला. मग मी डोंगराचे सांगितले, याकोबाने तो वेळेवर पाहिला याबद्दल देवाचे आभार मानले, आणि त्याचा चेहरा पडला.

"मामा, मामीला मेपासून काहीच दिसत नाही. उजेड-अंधार, बस. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं. मला शपथ घातली तिनं. म्हणाली, 'हा माणूस जन्मभर पोरांना डोंगर शिकवत आला, आणि बांधावर चढला की त्याला दम लागतो. मला दिसत नाही म्हटलं तर माझ्याजवळ बसून राहील. त्याला एकदा दाखवून आणते.' पंपांची यादी मी तिच्याकडून आठवडाभर पाठ करून घेत होतो."

खिंडीत त्या शनिवारी मी तिला दरीच्या बाजूने उतरवले. घाई कर म्हणालो.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे दोघे समुद्रबांधावर गेलो. मी काहीच बोलणार नव्हतो. तसे ठरवले होते. पण वर पोहोचताच तोंडातून निघून गेले: "ओहोटी आहे. चिखल तपकिरी, कडेला चंदेरी. दोन होड्या कलंडल्या आहेत."

तिने विचारले नव्हते. ती थांबली.

"यिलेसनं सांगितलं वाटतं," ती म्हणाली. आणि जरा वेळाने: "होड्यांचा रंग कुठला?"